डब्यातला दुसरा नमुना

मिलिंद,

रविवारी तुझ्या जलदानाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला लावलं. ठाकुर्लीच्या विहारात पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, समोर तुझा फोटो. आपल्या लॅबच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलेला, ज्यात तू कॅमेऱ्याकडे बघत नाहीस, फोटोवाल्याचं काहीतरी चुकतंय तिकडे बघतोयस. तुझ्या पुतण्याने "काकांचे साहेब" म्हणून माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि म्हणालो की मिलिंद कष्टाळू होता, मनमिळाऊ होता, सदा हसतमुख होता. यातलं कष्टाळू तेवढं खरं. मनमिळाऊ तू कधीच नव्हतास आणि हसतमुख तुला तुझ्या लग्नाच्या फोटोतही कोणी पाहिलेलं नाही. सुजातावहिनींनी मान खाली घातली. रडू आलं म्हणून घातली की माझं तोंडदेखलं बोलणं ऐकवेना म्हणून, ते मला कळलं नाही. शेवटी मी, त्याच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली, असंही म्हणालो. तू असतास तर मागून विचारलं असतंस, पोकळी किती मिलिमीटरची, रिपोर्टात आकार लिहावा लागतो.

जे बोलायला हवं होतं ते मी बोललो नाही. ते आता लिहितोय. आत्माबित्मा तू कधी मानला नाहीस, माणूस गेला की गेला म्हणायचास, म्हणजे हे मी कोणालाच लिहीत नाहीये. तरी लिहितोय, कारण गेल्या आठ वर्षांत तुझ्याशी जे बोलायचं टाळलं ते दुसऱ्या कोणाशी बोलता येण्यासारखं नाही.

कार्यक्रम संपल्यावर तुझी अस्मिता मला विचारत होती, बाबा नक्की काय काम करायचे. त्यांची बोटं गुळगुळीत होती एवढंच आम्हाला माहीत, म्हणाली. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. लॅबमध्ये अंगठा लावायचं हजेरीचं मशीन आलं तेव्हा ते तुझा अंगठा घेईना. वाळूच्या कागदावर आणि फिरत्या चाकावर धातू घासून घासून तुझ्या बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. सगळा स्टाफ आत आणि तू दारात उभा, मशीन म्हणतंय पुन्हा प्रयत्न करा. शेवटी तुझ्यासाठी वही ठेवली. मुलीला मी सांगितलं की तुझे बाबा धातूचे तुकडे आरशासारखे करायचे, मग मी ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. ती "अच्छा" म्हणाली. तिला वाटलं असेल, एवढंच?

एवढंच नव्हतं ते. आपण दोघं वागळे इस्टेटमधल्या त्या लॅबमध्ये एकाच महिन्यात लागलो, तू आयटीआय करून, मी धातुशास्त्राची पदवी घेऊन. तुला चाक मिळालं आणि मला सही. सुरुवातीला मला वाटायचं की खरं काम माझं. तू पहिल्याच वर्षी माझा तो भ्रम काढलास. लोखंड कोणीही घासेल, टायटॅनियम घासून दाखव, असं म्हणून तू मला चाकावर बसवलंस. मी दुपारभर घासलं. तुकडा चकचकीत झाला, मी खूश. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर कणाकणात रेघाच रेघा. मी म्हणालो, बापरे, याच्यावर केवढा ताण आलेला दिसतोय. तू म्हणालास, "ताण तुझाच आलाय. तू दाबलास."

तेव्हा मला पुस्तकात वाचलेली गोष्ट पहिल्यांदा कळली. टायटॅनियमच्या कणाला ताण सोसेनासा झाला, आणि सरकायला सोपी वाट सापडली नाही, की त्याच्या आतला एक पट्टा एकदम कूस बदलतो. ती झाली रेघ, दोन्ही टोकांना निमुळती. एकदा बदललेली कूस भट्टीत तापवल्याशिवाय जात नाही. म्हणून आमच्यासारखे लोक त्या रेघा बघतात आणि सांगतात की या धातूने काय काय सोसलंय. पण हा धातू असा हळवा, की कापताना चाक जोरात लागलं, घासताना हात जड पडला, तरी तो तशाच रेघा दाखवतो. मशीनवर आलेला ताण आणि आपण दिलेला त्रास, दिसायला दोन्ही सारखेच. फरक एवढाच की आपल्या हातच्या रेघा वरच्या कातडीपुरत्या असतात. हळू, दिवस दिवस घालवून घासलं, थोडं आम्ल लावून पुन्हा घासलं, की त्या जातात. खऱ्या असतील त्या खालीही सापडतात. तेवढा धीर फक्त तुझ्याकडे होता.

दुसरी एक गोष्ट आठवते. आपण मशीनवर टायटॅनियमची कांडी ओढून धरून ठेवायचो, तुटण्याएवढी नाही, त्याच्या बरीच खाली, आणि तिथेच शेजारी डबे उघडायचो. लोड वाढवायचं नाही, कमी करायचं नाही. तुझी सुकटीची चटणी, माझी आमटी. मध्येच तू काट्याकडे बोट दाखवायचास. "बघ, आपण जेवतोय तोवर पण तो ताणला जातोय." केसाएवढा, पण जातोय. लोखंड एवढ्यात केव्हाच स्वस्थ झालं असतं. तुला त्या कांडीचं कौतुक वाटायचं आणि मला कंटाळा यायचा, कारण माझं जेवण लवकर व्हायचं.

आता बोल्टकडे येतो.

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात आम्लाच्या टाकीवरचा बोल्ट तुटला होता. थोडं पॅलेडियम मिसळलेल्या टायटॅनियमचा, बऱ्यापैकी जाडजूड. आम्ल उडून एका कामगाराचा पाय भाजला. कारखान्याचे दोन अधिकारी बोल्टचे तुकडे घेऊन आले आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत काहीतरी सांगा. मी तुला म्हणालो, आजच्या आज कर. तू नको म्हणालास, मी आग्रह धरला. दुपारी तू तुकडा माझ्यासमोर ठेवलास. रेघा भरगच्च होत्या. मी फोटो काढले. तू मागेच उभा होतास.

"परब्या, ह्या लाइनी बोल्टच्या नाहीत. आपल्या आहेत."

"कशावरून?"

"मीच कापलेला ना. तू घाई लावलीस, मी चाक दाबलं. तेव्हाच हाताला कळलेलं. दोन दिवस दे, बाजूचाच तुकडा कापतो, हळू करतो."

आणि मी तुला जे बोललो ते शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. मी म्हणालो, "तुझ्या हाताला कळलं, हे रिपोर्टात मी कुठल्या रकान्यात लिहू?"

तू चाक बंद केलंस, पुसलंस, एप्रन खुंटीला लावलास. मी रिपोर्ट लिहिला. कणांमध्ये ताणाच्या रेघा मोठ्या प्रमाणात, बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला गेल्याची शक्यता. शक्यता हा शब्द मी मुद्दाम घातला, स्वतःच्या बचावासाठी. कारखान्याने तो शब्द सोडून बाकीचं वाचलं. बोल्ट आवळणारा माणूस एकच होता, दत्ता नावाचा फिटर, दिव्याला राहणारा. त्याला काढून टाकलं. हे मला पुढच्या महिन्यात त्याच अधिकाऱ्याने फोनवर सहज सांगितलं, वर आभारही मानले.

त्याच्या आधीच तू दुसरा तुकडा करून आणला होतास. बेकेलाइटच्या, म्हणजे कडक काळ्या प्लास्टिकच्या, गोल वडीत बसवलेला, मागे तुझ्या कोरीव अक्षरात नंबर. माझ्या टेबलावर ठेवून म्हणालास, झालाय, बघ. मी म्हणालो, नंतर बघतो. तू तो तुझ्या जुन्या स्टीलच्या डब्यात ठेवलास, खाली दमट हवा शोषणारे निळे दाणे घातलेस आणि डबा सूक्ष्मदर्शकाच्या वरच्या फळीवर ठेवलास. "बघायचं असेल तेव्हा बघ."

आठ वर्षं तो डबा माझ्या डोक्यावर होता. हात वर केला असता तर लागला असता. तू पुन्हा कधी विषय काढला नाहीस. फक्त परब्याचा परबसाहेब झाला, आणि तू जेवायला खाली ड्रायव्हर लोकांत बसायला लागलास. मी स्वतःला सांगितलं की मिलिंदला राग आलाय, जाईल. मग सांगितलं की तो हट्टी आहे. मग सांगितलं की त्या बोल्टचं आता काय, झालं गेलं. पण मिलिंद, मला भीती होती म्हणून मी बघितलं नाही असंही नाही. मला माहीत होतं. तुझा हात कधी चुकत नाही हे त्या लॅबमध्ये माझ्याएवढं कोणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं, म्हणून बघितलं नाही.

आणि त्याच आठ वर्षांत माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागला. मी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. साहेबाला दिसत नाही असं कळलं असतं तर सही गेली असती. एक दिवस तुझ्या तुकड्यांवर, जिथे बघायला हवं त्याच्या अगदी शेजारी, शाईचा बारीक ठिपका यायला लागला. मला शोधत बसायला लागू नये म्हणून. ऑपरेशन होईपर्यंत, चांगली दीड वर्षं, तू प्रत्येक तुकड्यावर तो ठिपका दिलास. एक अक्षर बोलला नाहीस. मीही आभार मानले नाहीत, कारण मानले असते तर तुला कळलेलं आहे हे मान्य करावं लागलं असतं. ज्या माणसाने तुझ्या हाताचा अपमान केला, त्याच्या डोळ्यांचा दोष तू झाकून घेतलास. 

शेवटच्या शनिवारी निघताना तू दारात थांबलास. रिटायर व्हायला तुला सात महिने राहिलेले. "साहेब, तो डबा तिथंच आहे हां अजून," म्हणालास. मी कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणालो, हो हो, बघू. मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन आला. कामाला निघताना बूट घालायला खाली वाकलास तो उठलाच नाहीस. डॉक्टर हार्ट म्हणाले. तुझ्या हार्टला माझ्यामुळे काही झालं असं म्हणणार नाही. तेवढंही महत्त्व मला घ्यायचं नाही. पण त्या धरून ठेवलेल्या कांडीची आठवण येते आणि मग जेवण जात नाही.

विहारात माझ्यानंतर एक माणूस उठला. पन्नाशीचा, किडकिडीत, पांढरा शर्ट इस्त्री केलेला पण कॉलर विरलेली. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. म्हणाला, "मी दत्ता. दिव्याला राहतो. मी फिटर होतो. माझ्या हातनं बोल्ट तुटला म्हणून मला काढलेलं. मिलिंदभाऊ मला शोधत आलेले. मी ओळखत पण नव्हतो. मग दर दोन-तीन महिन्यांनी यायचे. दर वेळी एकच बोलायचे, दत्ता, तुझा हात जास्त पडलेला नाही. बाकी कोणी मला हे बोललेलं नाही." एवढं बोलून तो खाली बसला. मी त्याच्यापासून चार माणसं सोडून बसलेलो. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. तू आठ वर्षं त्याच्याकडे जात होतास आणि सोमवारी सकाळी येऊन माझे तुकडे घासत होतास. मला तू हे का नाही सांगितलंस असं विचारावंसं वाटलं, आणि मग आठवलं की विचारायचा हक्क मी केव्हाच गमावलाय.

सोमवारी मी फळीवरचा डबा काढला. झाकण उघडलं आणि आधी दाणे बघून गलबललो. ते निळे होते. ठाण्याच्या हवेत हे दाणे आठवड्या-दोन आठवड्यात दमट होऊन गुलाबी पडतात, मग ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळे करावे लागतात. म्हणजे आठ वर्षं तू ते काढून, भाजून, परत भरत होतास. टायटॅनियमला गंज लागत नाही. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी भाजत होतास, साहेब कधी बघायला घेईल तेव्हा तुकडा तयार असावा म्हणून.

बघितला. एकही रेघ नाही. कण शेजारी शेजारी शांत बसलेले, एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. आणि कडेला, जिथे तू शाईचा ठिपका देऊन ठेवला होतास, तिथे बारीक काळ्या सुया, कडेपासून आत शिरलेल्या. हायड्रोजन. टाकीतल्या आम्लामुळे बोल्ट वर्षानुवर्षं तो पीत होता आणि आतून ठिसूळ होत होता. माझ्या घाईच्या तुकड्यात त्या सुया आपल्या रेघांखाली दबून गेल्या होत्या. दत्ताने फुलासारखा आवळला असता तरी तो बोल्ट तुटला असता. मी मान वळवून "मिलिंद" अशी हाक मारली, सवयीने. तुझ्या चाकावर प्लास्टिकची पिशवी घातलेली होती.

मग मी ते सगळं केलं जे आठ वर्षांपूर्वी करायचं होतं. कारखान्याला फोन लावला. तो बंद पडून दोन वर्षं झाली. तो अधिकारी कुठे गेला कोणाला माहीत नाही. आपल्या मोठ्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले की इतक्या जुन्या फायली आपण ठेवत नाही, ती केव्हाच रद्दीत गेली, आणि जुनं आता कशाला उकरून काढायचं. म्हणजे जो रिपोर्ट मागे घ्यायचा तोच जगात नाही. जो उरलाय तो फक्त दत्ताच्या कपाळावर.

वहिनींकडून पत्ता घेऊन मी दिव्याला गेलो, डबा पिशवीत घेऊन. चौथा मजला, लिफ्ट नाही, जिन्यात पाण्याचे ड्रम. दत्ता आता त्याच इमारतीत वॉचमन आहे. पाणी आलं की गच्चीच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो, गेलं की बंद करतो. फिटरचा हात. त्याने मला खुर्ची दिली, अर्धा पेला पाणी दिलं, स्वतः पलंगाच्या कडेला बसला. मी सगळं सांगितलं. कोण मी, कोणाची सही, कुठल्या रेघा, कसल्या सुया. डबा उघडून तुझा तुकडा त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडाकडे धरला. आरशासारख्या त्या तुकड्यात त्याला त्याचाच डोळा दिसला असेल, बाकी काय दिसणार. सूक्ष्मदर्शक मी थोडाच आणला होता.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मी शिव्या खायची तयारी करून गेलेलो. त्याने तुकडा पुसून माझ्या हातात परत दिला आणि एकच गोष्ट विचारली.

"मिलिंदभाऊंना तेव्हाच माहीत होतं ना. मग त्यांनी तुम्हाला नाही का सांगितलं?"

या प्रश्नाची उत्तरं माझ्याकडे आठ वर्षं तयार होती. पार्टी खोळंबलेली, पुरावा समोर होता, शक्यता असंच लिहिलेलं. वेळ मारून न्यायला त्यातलं कुठलंही चाललं असतं. तू नव्हतास, तिसरं कोणी नव्हतं.

"सांगितलेलं," मी म्हणालो. "त्याच दिवशी."

दत्ताने मान हलवली. तेवढंच त्याला हवं होतं बहुतेक. खाली कोणीतरी पाणी आलं म्हणून ओरडलं, तो उठला, खिळ्यावरची व्हॉल्व्हची चावी घेतली आणि मला बसा म्हणून न सांगता, निघा म्हणूनही न सांगता वर गच्चीवर गेला. मी तुकडा डब्यात ठेवला, डबा बंद केला आणि जिना उतरलो.

डबा मी पुन्हा फळीवर ठेवलाय. दाणे आज गुलाबी पडायला लागलेत. किती वेळ भाजायचे ते तू कधी कोणाला लिहून दिलेलं नाहीस, आणि मी कधी विचारलं नव्हतं.